इंजिन जुनं, डबा नवा: मॉरिस मायनर नावाची गाडी

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात दोन पक्ष पडतात. काका म्हणतात, 'लॅडर फ्रेमचीच घ्या, दणकट असते.' भाचा यूट्यूब बघून आलेला असतो. त्याला मोनोकॉक हवी असते. मग शोरूममध्ये कुणीतरी दार आपटून बघतं, बॉनेटवर टिचकी मारतं आणि 'पत्रा पातळ आहे हो' असा निकाल देऊन टाकतं. सेल्समन हसतो, कारण हे तो रोज ऐकतो.

या वादातले शब्द ज्या गाडीवरून चटकन समजतात, ती आता नवी मिळत नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये आलेली मॉरिस मायनर. १९७१ पर्यंत तिच्या साधारण १६ लाख गाड्या निघाल्या, आणि दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. शिक्षक, सुईणी, पाद्री, बीटवरचे पोलीस अशा लोकांची ती गाडी होती. तिचं इंजिन अगदी सामान्य होतं, सुरुवातीचं तर जुनाट म्हणावं असं. तरीही त्या काळच्या लहान गाड्यांत चालवायला ती सगळ्यांत चांगली होती असं जाणकार सांगतात, आणि ते मला पटतं. कारण तिची हुशारी इंजिनात नव्हतीच. ती सांगाड्यात आणि मांडणीत होती.

सांगाडा वेगळा की अंगातच?

जुनी पद्धत अशी: खाली पोलादाच्या दोन लांब तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे. झाली लॅडर फ्रेम. हिलाच आपण चासी म्हणतो. इंजिन, चाकं, धक्के झेलणारे पोलादी पाटे असं सगळं वजनदार सामान हिला बांधायचं आणि वरून बॉडी बोल्टने कसायची. बॉडीने फक्त ऊन, पाऊस आणि धूळ अडवायची. ट्रक, थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर या सगळ्या याच जातीच्या.

मोनोकॉकमध्ये वेगळी चासी नसते. तळ, दोन्ही बाजू, छत, इंजिन आणि माणसं यांच्यामधली आडवी भिंत, हे सगळे पत्रे एकमेकांना जोडून एक पेटी करतात आणि ती पेटीच सगळा भार घेते. क्रेटा, हॅरियर आणि आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या हॅचबॅक, सेडान अशाच असतात.

आता टिचकीवाल्यांचा प्रश्न: पातळ पत्रा एवढं वजन पेलतो कसा? गोडेतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा आठवा. पत्रा इतका पातळ की कात्रीने कापता येतो. पण तोच रिकामा डबा, तोंड बंद असेल तर, किराणा दुकानात स्टूल म्हणून वापरतात आणि धडधाकट माणूस त्यावर खुशाल बसतो. वरचा पत्रा कापून काढा आणि डबा दोन कोपऱ्यांना धरून पिळा. लगेच वाकडा होतो. पत्रा तोच, जाडी तीच. फरक एवढाच, की आधी सहाही बाजू एकमेकींना धरून होत्या, आता पाचच उरल्या.

बॉनेटवरच्या टिचकीतून म्हणूनच काही कळत नाही. बॉनेट किंवा मडगार्ड हे भार घेणारे पत्रे नव्हेतच. खरी ताकद दाराखालच्या लांब पोकळ पट्टीत, छताला धरणाऱ्या खांबांत आणि तळाच्या घड्यांत असते, आणि तिथे शोरूममध्ये कुणी टिचकी मारत नाही.

म्हणजे लॅडर फ्रेम टाकाऊ?

मुळीच नाही. याचं उत्तर मायनरच्याच घरात आहे. कुटुंबासाठीची मायनर मोनोकॉक होती. पण १९५३ मध्ये तिच्यावरून माल वाहणारी व्हॅन आणि पिकअप काढली, तेव्हा त्यांना वेगळी चासी दिली. ब्रिटिश पोस्टाने अशा व्हॅन घेतल्या. सुरुवातीच्या काही व्हॅनना तर पुढचे मडगार्ड रबराचे होते, म्हणजे गल्लीबोळात घासलं तरी डेंटिंगचा खर्च नको. मागे पोतीच टाकायची आहेत, कधी हौद बसवायचा, कधी बंद खोका, तर खाली स्वतंत्र चासी असणं सोयीचं. माणसंच न्यायची असतील तर चासीचं लोखंड हे बिनकामाचं ओझं. ते रोज ओढायला पेट्रोल लागतं, आणि चासीच्या उंचीमुळे गाडीचा तळही वर जातो.

मायनर आली त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दुसरी एक गाडी आली: लँड रोव्हर. ती चासीवाली, शेतात राबण्यासाठी. तिची आजची वारसदार म्हणजे नवी डिफेंडर. ही कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे. २०२० च्या सुमारास रस्त्यावर आलेली ही डिफेंडर मोनोकॉक आहे. तेव्हा खडबडीत वाटांवर मोनोकॉक टिकत नाही, हा दावाही आता सरसकट करता येत नाही.

स्मर्नाचा निर्वासित आणि सायकलवाला लॉर्ड

मायनर ज्याच्या डोक्यातून निघाली तो अलेक इसिगोनिस १९०६ मध्ये स्मर्नाला जन्मला. आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ मध्ये युद्ध शहरापर्यंत आलं, कुटुंब जहाजाने निघालं, वाटेत माल्टामध्ये वडील गेले. पोरगा आईबरोबर इंग्लंडला पोहोचला. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकात गणितात तीनदा नापास झाला. पण चित्र काढायला बसला की हात थांबायचा नाही. यंत्राचा भाग मनात दिसायचा तसा हाताशी येईल त्या कागदावर उतरवायचा. मॉरिस या गाड्यांच्या कंपनीत १९३६ साली रुजू झाला. फावल्या वेळात एका मित्राबरोबर घरीच शर्यतीची छोटी गाडी बनवत होता. तिच्या बाजू प्लायवूडवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या होत्या आणि भार त्या बाजूच पेलत होत्या. डब्याचं तत्त्व या माणसाने आधी स्वतःच्या हातांनी करून पाहिलेलं होतं.

मालक होते लॉर्ड नफील्ड, म्हणजे पूर्वीचे विल्यम मॉरिस. ऑक्सफर्डमध्ये सायकल दुरुस्तीपासून सुरुवात करून, शहराबाहेर कावली इथे त्यांनी प्रचंड कारखाना उभा केला. पहिली गाडी १९१३ ची, तिचं नाव मॉरिस ऑक्सफर्ड. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे आपल्याकडे येणार आहे.)

दुसऱ्या महायुद्धात कावलीत विमानांची कामं चालू होती. त्याच धामधुमीत उपाध्यक्ष माइल्स थॉमस यांनी युद्धानंतरच्या छोट्या गाडीचं काम इसिगोनिसकडे दिलं. त्याच्या हाताखाली मोजकी माणसं: चाकं आणि सस्पेन्शन (खड्ड्याचे धक्के झेलणारी व्यवस्था) बघणारा जॅक डॅनियल्स, बॉडी बघणारा रेज जॉब. एवढ्याशा चमूने अख्खी गाडी आखली, तीही दारांच्या मुठींपर्यंत. १९४३ मध्ये पहिला नमुना धावला. नफील्डना तो बघवला नाही. 'हे तर पाण्यात शिजवलेलं अंडं,' म्हणाले. त्यांना जुनी मॉरिस एटच थोडी रंगरंगोटी करून विकायची होती, आणि धंद्याच्या दृष्टीने ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं. युद्धानंतर चार चाकांवर उभं राहील ते काहीही खपत होतं.

चार इंचांची गोष्ट

१९४७ संपत आलं. साचे बनत आले होते, आणि इसिगोनिसला एकाएकी वाटलं, गाडी अरुंद दिसते. त्याने नमुन्याची गाडी लांबीच्या दिशेने मधोमध कापायला लावली. दोन अर्धुकं जमिनीवर ठेवली आणि कारागिरांना ती एकमेकांपासून सरकवायला सांगितलं. आणखी थोडं, आणखी थोडं. ४ इंचांवर तो म्हणाला, आता बरोबर.

एवढ्या उशिरा रुंदी बदलणं म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने आफतच. बंपर आधीच तयार होऊन पडले होते. ते मधून कापले आणि मध्ये तुकडा घालून भरती केली. तळाच्या पत्र्यात पट्ट्या वाढवल्या. बॉनेटच्या साच्यात मधोमध ४ इंच रुंद सपाट, किंचित उचललेली पट्टी आली. आज कुठल्याही मायनरच्या समोर उभं राहिलात तर ती पट्टी दिसेल. शेवटच्या गाडीपर्यंत ती काढली नाही.

दिसण्यासाठी केलेल्या या कापाकापीचा खरा फायदा वेगळाच झाला. चाकांमधलं अंतर वाढलं, त्यामुळे वळणावर गाडी आणखी घट्ट बसली, आणि मागे तिघांना जेमतेम का होईना बसता आलं.

चाकं लहान, माणसं मधे

त्या काळच्या लहान गाड्यांत मागची सीट जवळजवळ मागच्या धुरीवर, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर असायची. खड्डा आला की मागचे उडायचे. इसिगोनिसने इंजिन पुढे सरकवलं, अगदी पुढच्या चाकांच्या वर. त्याबरोबर पुढची सीट पुढे आली, मागची सीट धुरीच्या पुढे आली. जुन्या मॉरिस एटला १७ इंची चाकं होती. इथे १४ इंची घेतली. चाक लहान म्हणजे त्याला लागणारी जागा कमी, आणि तेवढी जागा माणसांच्या पायांना.

पुढच्या चाकांना पाट्यांऐवजी टॉर्शन बार दिला. टॉर्शन बार म्हणजे पोलादाची लांब सळई. तिचं एक टोक गाडीच्या तळाला घट्ट बांधलेलं, दुसरं चाकाच्या दांडीला. चाक वर उचललं की सळई पिळते, आणि पीळ सोडताना चाक परत खाली येतं. बस, एवढंच. ही सळई मागे गाडीच्या मध्यापर्यंत जाते, त्यामुळे खड्ड्याचा दणका एकाच कोपऱ्यात न बसता तळाच्या मजबूत भागात पसरतो. म्हणजे मोनोकॉकला हवं तसंच.

स्टिअरिंग रॅक अँड पिनियन. दातेरी पट्टीवर फिरणारं छोटं दातेरी चाक: तुम्ही फिरवाल तेवढंच वळतं, मधे ढिलाई नाही. आज मारुतीपासून मर्सिडीझपर्यंत हेच असतं. १९४८ मध्ये लहान ब्रिटिश गाडीत ही चैन होती.

मागे मात्र साधे पाटेच राहिले. सगळंच नवं करायला पैसे नव्हते.

मग इंजिन का जुनं?

इथे सरकार येतं. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं गाडीवरचा कर 'हॉर्सपॉवर'वर होता, पण हे हॉर्सपॉवर मोजायची तऱ्हा अजब होती. इंजिन प्रत्यक्षात किती ताकद देतं हे कुणी बघत नव्हतं. सिलिंडरची रुंदी आणि सिलिंडरची संख्या, एवढ्यावर हिशेब. मग कंपन्यांनी अरुंद आणि उंच सिलिंडर बनवले. मॉरिस एटच्या ९१८ सीसी इंजिनात सिलिंडर ५७ मिलिमीटर रुंद, आणि पिस्टनची धाव तब्बल ९० मिलिमीटर. अशी इंजिनं कर वाचवतात, पण फार वेगात फिरवली की दमतात. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या लांब रस्त्यांवर ती कुचकामी.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. आपल्याकडे २००६ पासून ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना कमी कर लागतो. लगेच डिक्या छाटल्या गेल्या. पहिली अशी छाटलेली सेडान, टाटा इंडिगो सीएस, २००८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातूनच आली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही रेघ तिथेच राहिली: लहान गाडीला १८ टक्के, मोठीला ४०. गाडीची लांबी इंजिनिअर ठरवतो असा आपला समज असतो; पुष्कळदा ती अर्थखातं ठरवतं.

इसिगोनिसला मायनरसाठी नवं, आडवं पसरलेलं इंजिन हवं होतं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. कमी करासाठी एक लहान, निर्यातीसाठी एक मोठं. १९४८ च्या सुरुवातीपासून सरकारने तो जुना कर काढून सरसकट वर्षाला १० पौंड केला, त्यामुळे दोन इंजिनांचं कारणच उरलं नाही. नव्या इंजिनाला पैसा आणि वेळही फार लागणार होता. शेवटी मॉरिस एटचं ९१८ सीसी इंजिनच उचलून बसवलं. साडेसत्तावीस हॉर्सपॉवर, कमाल वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. आडव्या इंजिनासाठी ठेवलेली रुंद जागा तशीच रिकामी राहिली, आणि मेकॅनिकना दोन्ही बाजूंनी आरामात हात घालायला मिळाला. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. किंमत साधारण ३५८ पौंड. त्याच प्रदर्शनात जॅग्वारची एक्सके १२० ही स्पोर्ट्स कार होती, तेव्हा गर्दी कुठे होती ते सांगायला नको.

कारखान्यात काय चालायचं

एक गाडी एका छताखाली होते ही आपली कल्पना इथे सोडून द्या. मायनरची बॉडी बर्मिंगहॅममध्ये बनायची, इंजिन कॉव्हेंट्रीत, आणि जुळणी कावलीत.

पत्र्याचा रोल येतो, त्याचे ठरलेल्या मापाचे तुकडे होतात. मोठ्या प्रेसमध्ये वर-खाली दोन साचे असतात, त्यांना डाय म्हणतात. तुकडा मधे ठेवायचा, प्रेस खाली आली की सपाट पत्र्याचा मडगार्ड होऊन बाहेर पडतो. गाडीच्या धंद्यात खरा पैसा या डायमध्ये अडकतो. प्रत्येक वळणाला, प्रत्येक घडीला वेगळी डाय लागते, आणि ती लाखो तुकडे काढते तेव्हाच वसूल होते. म्हणूनच मॉडेल एकदा ठरलं की वर्षानुवर्षं तेच चालतं, आणि म्हणूनच ते ४ इंच इतके महागात पडले असते.

हे तुकडे जोडतात स्पॉट वेल्डिंगने. दोन पत्रे एकावर एक ठेवून तांब्याच्या दोन टोकांमध्ये चिमटायचे आणि क्षणभर जबरदस्त वीज सोडायची. तेवढाच ठिपका वितळतो आणि दोन्ही पत्रे एकजीव होतात. बोल्ट नाही, रिव्हेट नाही. जुन्या गाडीच्या दाराची रबरी कडा उचलून बघा, एका ओळीत गोल खळगे दिसतील. ते हेच. अशा असंख्य ठिपक्यांनी पेटी बनते. एक ओळ चुकली तर दार लागत नाही, म्हणून वेल्डिंग होईपर्यंत पत्रे लोखंडी चौकटीत पकडून ठेवतात.

मग रंग, आणि रंगवलेली बॉडी जुळणीच्या सरकत्या पट्ट्यावर. इंजिन, धुरी, काचा, सीट, वायरिंग. कामगारांना मजुरी नगावर मिळायची: जितकं काम तितके पैसे. त्यात वेग भरपूर होता, पण काम थांबलं की पोट थांबायचं. १९५६ मध्ये कंपनीने एका फटक्यात हजारो लोकांना घरी बसवलं तेव्हा मोठा संप झाला.

गाडीही बदलत गेली, हळूहळू. १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या हाडवैरी कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, आणि मायनरला ऑस्टिनचं ८०३ सीसी इंजिन मिळालं. १९५६ ला ९४८ सीसी, पुढे १९६२ ला १०९८. दोन तुकड्यांची पुढची काच जाऊन अखंड काच आली. १९६१ पर्यंत वळायचा इशारा द्यायला दारामागच्या खांबातून नारिंगी दांडी टक्कन बाहेर पडायची. मग लुकलुकणारे दिवे आले. १९६० च्या डिसेंबरमध्ये दहा लाखावी गाडी निघाली. तिच्या जोडीने ३५० गाड्या फिकट जांभळ्या रंगात आणि पांढऱ्या सीटांसह काढल्या. रंग भयंकर होता, असं माझं मत. आज सगळ्यांत जास्त मागणी त्यांनाच.

लाकडाची गाडी?

१९५३ ची मायनर ट्रॅव्हलर बघून लोकांना वाटतं, बाहेरून सजावटीला लाकूड लावलंय. तसं नाही. दरवाजांच्या मागचा सगळा भाग ॲश झाडाच्या लाकडाच्या चौकटीवर उभा असतो, आणि तिच्यात ॲल्युमिनियमचे पत्रे बसवलेले असतात. ही चौकट भार घेते. म्हणजे तेलाच्या डब्याच्या मागच्या बाजू इथे लाकडाच्या आहेत. ब्रिटनमध्ये अशी गाडी वार्षिक तपासणीला नेली की हे लाकूड टोकरून बघतात. सडलेलं असेल तर गाडी नापास.

पोलादाच्या जमान्यात लाकूड कशाला? मागचा मोठा भाग पत्र्यात करायचा तर नव्या डाय हव्यात. लाकूडकाम करणारे सुतार होतेच, आणि मोठ्या गाड्यांमुळे लाकडी बॉडी मोठेपणाचं लक्षण मानली जायची. साध्या गाडीला जमीनदाराच्या गाडीचा थाट मिळाला.

उघड्या टपाच्या मायनरचंही असंच गणित. डब्याचा वरचा पत्रा काढला की तो पिळतो, म्हणून तिच्या तळाला जादा मजबुती द्यावी लागली.

यात नवं काय? बीटल नव्हती का?

आक्षेप रास्त आहे. मोनोकॉक मायनरने शोधलेली नाही. फ्रान्सची सिट्रोएन ट्रॅक्शन अवाँ १९३४ ची. खुद्द मॉरिसची १९३८ ची टेन मालिका एमही तशीच होती. मायनरने केलं ते हे: पेटी, लहान चाकं, पुढे सरकवलेलं इंजिन, टॉर्शन बार आणि नेमकं स्टिअरिंग हे सगळं एका स्वस्त गाडीत आणलं, आणि ते एकमेकांना पूरक ठेवलं.

बीटलचा विषय जरा बोचरा आहे. युद्धानंतर ही जर्मन गाडी बनवणारा फोक्सवागनचा कारखाना ब्रिटिश सैन्याच्याच ताब्यात होता, आणि ब्रिटिश गाडी-उद्योगाच्या तज्ज्ञांनी पाहणी करून ती गाडी बिनकामाची ठरवली. पुढे बीटल २ कोटी १५ लाखांवर गेली, मायनर १६ लाखांवर थांबली. चालवायला मायनर सरस होती. पण जर्मनांनी एकाच गाडीवर सगळा पैसा लावला, आणि अमेरिकेत गाडीच्या आधी सर्व्हिस आणि सुटे भाग पोहोचवले. ब्रिटिश कंपनी मात्र दर दोन वर्षांनी नव्या गाडीच्या मागे धावत होती.

आपल्या अंगणातली चुलत भावंडं

बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिसशी संधान बांधलं होतं. मॉरिस टेन इथे हिंदुस्तान टेन झाली आणि मायनर झाली बेबी हिंदुस्तान. पुढे मॉरिस ऑक्सफर्ड मालिका दोन म्हणजे लँडमास्टर, आणि मालिका तीन म्हणजे साक्षात ॲम्बेसेडर. बंगालमधल्या उत्तरपाड्यात ती २०१४ पर्यंत निघत होती. कुठल्याही सरकारी बंगल्यासमोर उभी असलेली ती पांढरी गाडी म्हणजे मोनोकॉक, टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियन, सगळं मायनरच्याच वळणाचं. अंगापिंडाने दणकट म्हणून लोक तिला चासीवाली समजत, ती मुळीच नव्हती.

एवढी खपली, तर कंपनी का बुडाली?

खप आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी. कंपनीत ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्या त्या कागदावर. दुकानं वेगळी, विक्रेते एकमेकांशी भांडणारे, एकच गाडी दोन नावांनी. १९५९ मध्ये इसिगोनिसचीच मिनी आली, १९६२ मध्ये त्याचीच ११०० नावाची गाडी. दोन्ही मायनरपेक्षा आधुनिक. तरी मायनर बंद झाली नाही, कारण गिऱ्हाईक मागत होतं. म्हणजे लहान कुटुंबासाठी तीन वेगवेगळ्या गाड्या, तीन वेगळे डायचे संच, आणि तिन्हींच्या किमती स्पर्धेपोटी खाली दाबलेल्या. फोर्डच्या लोकांनी एक मिनी विकत घेऊन सुटी केली, एकेका भागाची किंमत मांडली, आणि त्यांचा निष्कर्ष निघाला की कंपनी दर गाडीमागे सुमारे ३० पौंड गमावत असणार. इसिगोनिस पेटी आखण्यात कुशल होता. पेटी बनवायला किती पैसे लागतात हे विचारणारा त्याच्यासमोर कुणी टिकला नाही.

१९६८ मध्ये कंपनीची ब्रिटिश लेलँड झाली, १९७५ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. कुटुंबाची मायनर १९७० च्या नोव्हेंबरात थांबली, ट्रॅव्हलर १९७१ मध्ये. तिच्या जागी 'आधुनिक' म्हणून आलेल्या मॉरिस मरीनाच्या पुढच्या चाकांचं सस्पेन्शन मात्र मायनरवरूनच घेतलेलं होतं, २३ वर्षांपूर्वीचं.

जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या; त्यानुसार ठरावीक कोट्यातल्या ब्रिटिश गाड्यांवरची १०० टक्क्यांहून जास्त असलेली जकात १० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं. पण त्या यादीत मध्यमवर्गाला परवडेल अशी ब्रिटिश मालकीची गाडी शोधू नका. कावलीत आज मिनी बनते, मालक बीएमडब्ल्यू. रेंज रोव्हर टाटांची, आणि तिची जुळणी २०२४ पासून पुण्यातही होते.

जुनी मायनर घ्यायची तर

मोनोकॉकचा एक तोटा आतापर्यंत सांगितला नाही, तो गंज. चासीवाल्या गाडीची बॉडी गंजली तर गाडी कुरूप दिसते, इतकंच. इथे बॉडी गंजली म्हणजे कणाच गंजला. दाराखालच्या पोकळ पट्टीत पाणी साचतं, पत्रा आतून खातं, आणि बाहेर रंग चकाचक. दार उघडल्यावर किंचित खाली लोंबलं तर समजा, पेटी वाकायला लागली आहे.

दुसरी जागा पुढच्या चाकाची. चाक ज्या उभ्या खांबावर फिरतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या जाड नटात फिरतात. ग्रीसगन तिथे वेळेवर पोहोचली नाही तर आटे झिजतात, आणि एक दिवस नट सुटून चाक आडवं पडतं. बहुतेक वेळा हे पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवताना होतं, हे मालकांचं नशीब. ४० वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. पण समजदार मालक ट्रनियनसाठी तरी ती करून घेतात. सुटे भाग अजून नवे बनतात, पुढच्या मडगार्डपासून ट्रॅव्हलरच्या लाकडी चौकटीपर्यंत, आणि घरच्या पान्यांवर निम्मी कामं होतात.